खवल्याचं कौतुक करू नये

कोणतीही दूरचित्रवाणी मालिका वीस वर्षांच्या पुढे गेली की ती करमणूक राहत नाही, नागरी सुविधा होते. नळाला पाणी येतं, रस्त्यावरचे दिवे लागतात, कचरा उचलला जातो आणि दर शुक्रवारी संध्याकाळी ‘यान क्रमांक सात’ लागतं. यांपैकी फक्त शेवटची सेवा आजवर एकदाही खंडित झालेली नाही, आणि याबद्दल संबंधितांचं अभिनंदन करायला हवं.

‘यान क्रमांक सात’ ही विज्ञानकथा आहे. एक यान एका दूरच्या ग्रहाकडे निघालेलं आहे आणि तिथे मानवजातीला नवं घर मिळणार आहे. बावीस वर्षं झाली, यान अजून वाटेत आहे. सुरुवातीला प्रेक्षकांना पोचण्याची घाई होती. आता कुणालाच नाही. यान निघालं तेव्हा ज्यांची लग्नं ठरायची होती त्यांची मुलं कॉलेजात गेली, आणि ग्रहावर उतरून करायचं काय हे लेखकांनाही माहीत नाही. (पहिल्या सहा यानांचं काय झालं, हे विचारण्याची पद्धत नाही.)

या मालिकेच्या प्रत्येक भागाचं परीक्षण लिहिणं हे माझं काम. त्याचा साचा संपादकांनी घालून दिला आहे. आधी विज्ञानाबद्दल एक हरकत घ्यायची, मग नेपथ्याला बरं म्हणायचं, मग एका नटाचं कौतुक करायचं आणि एकाला झोडपायचं, आणि शेवटी पाचपैकी साडेतीन तारे द्यायचे. तीन दिले तर वाहिनी नाराज होते, चार दिले तर वाचकांना मी विकला गेलो असं वाटतं. साडेतीनमध्ये निःपक्षपातीपणा दिसतो. विज्ञानाची हरकतही सहसा एकच असते: पोकळीत स्फोटाचा आवाज ऐकू येत नाही. निर्माते ती दर वेळी मोकळ्या मनाने मान्य करतात आणि पुढच्या भागात आवाज वाढवतात.

इतकं निरुपद्रवी काम दुसरं नसेल अशी माझी समजूत होती. मग यानावरची माणसं मरायला लागली.

पहिली गेली परिचारिका. तिच्याबद्दल मी सलग तीन आठवडे चांगलं लिहिलं होतं. पुढच्या हंगामात दिशादर्शक गेला, त्याच्यामागे स्वयंपाकी, आणि मग कप्तानाचा कुत्रा. (कुत्र्याची स्तुती मी दोनदाच केली होती. तिसरी दुसऱ्या एका वर्तमानपत्राने केली, त्याची जबाबदारी माझ्याकडे नाही.) चौकशी केल्यावर निर्मात्याचं धोरण समजलं आणि ते ऐकून मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. नावडतं पात्र मारून कुणी रडत नाही. आवडतं पात्र मारलं की घरोघरी रडतात, आणि रडणारा माणूस वाहिनी बदलत नाही. कोण आवडतं हे ठरवायला त्यांच्याकडे एकच मोजपट्टी होती, ती म्हणजे वर्तमानपत्रांतली परीक्षणं, आणि त्यांत नियमाने येणारं फक्त माझं. सलग तीनदा नाव घेऊन कौतुक झालं की हंगामाच्या शेवटी वीरमरण. कप्तान बावीस वर्षं ठणठणीत आहे, कारण त्याच्या अभिनयाबद्दल आजपर्यंत कुणीही काहीही चांगलं लिहिलेलं नाही.

आता खवल्याबद्दल सांगायला हवं. खवल्या हा यानाच्या तळघरात इंजिन सांभाळणारा परग्रहवासी. हिरवा रबरी मुखवटा, डोळ्यांच्या जागी दोन चिरा आणि प्रत्येक भागात एकच वाक्य: “इंजिन तग धरेल, कप्तान.” मुखवट्याच्या आतला माणूस माझ्या ताईचा नवरा. मुखवटा चिकटवायला तीन तास लागतात आणि काढायला एक. तो घातल्यावर जेवता येत नाही, नाक खाजवता येत नाही आणि श्वासही बेताने घ्यावा लागतो. भावोजी पूर्वी नाटकांतून कामं करत, तेव्हा त्यांना चेहरा होता. मग मुलगी झाली, नाटकं थांबली आणि खवल्या मिळाला. अकरा वर्षं ते घर खवल्याने चालवलं. बाजारात मुलं त्यांच्यासमोर खवल्याची नक्कल करतात, आणि ती कुठे चुकते हे त्यांना सांगता येत नाही, कारण आपण कोण हे उघड करायला करारात मनाई आहे.

निर्मात्याचं धोरण समजल्यावर मी माझं कौटुंबिक कर्तव्य ओळखलं. झोडपण्याची जागा भावोजींसाठी कायमची राखून ठेवली. ‘खवल्याच्या चेहऱ्यावर रबराइतकी तरी हालचाल अपेक्षित होती,’ असं एकदा लिहिलं. (त्या वर्षी त्यांचा करार तीन वर्षांनी वाढला.) ‘इंजिन बंद पडलंय की खवल्या, हे कळायला मार्ग नाही,’ हेही माझंच. भावोजी दर शनिवारी सकाळी फोन करून आभार मानायचे. या वेळी छान हाणलंस, म्हणायचे, आणि खरंच खूश असायचे.

ताई खूश नसायची. कारण तिलाही माहीत होतं, पण परीक्षण वाचायच्या वेळी कारण शेजारी छापलेलं नसतं. शेजारणी येऊन परीक्षकाच्या विनोदबुद्धीची तारीफ करून जायच्या आणि ही त्यांना चहा द्यायची. हळूहळू ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

मग तो भाग आला. संहितेप्रमाणे इंजिन धापा टाकतं, कप्तान धावत खाली येतो आणि खवल्या नेहमीचं वाक्य बोलतो. त्या दिवशी रंगभूषाकाराने घाईत मुखवट्याच्या ओठांच्या फटीवरही डिंक लावला होता. हे भावोजींना कळलं तेव्हा कॅमेरा सुरू झाला होता. पुन्हा चित्रीकरण करायचं म्हणजे एक तास सोडवणं आणि तीन तास चिकटवणं, आणि तोवर पाळी संपते. त्यामुळे या मालिकेत झालेली चूक तशीच दाखवण्याचा प्रघात आहे. भावोजींनी तोंड उघडायचा प्रयत्न केला, ते उघडलं नाही. मग त्यांनी तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा इंजिनवर हात ठेवला. तो तिथेच राहू दिला. कप्तानाकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. पुढे काय बोलायचं हे कप्तानाला खरोखरच सुचलं नाही, आणि त्यामुळे बावीस वर्षांत प्रथमच तो अभिनय करताना दिसला.

मी तो भाग ताईकडे बसून पाहिला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, ती थांबली. भावोजी मानेवर राहिलेला डिंक नखाने खरवडत बाजूला बसले होते.

“हे लिहिशील ना?” ताईने विचारलं.

मी म्हटलं, लिहिलं तर भावोजींची नोकरी धोक्यात येईल, तुला माहीत आहे.

“अकरा वर्षं मी यांना रबर म्हणून वाचतेय,” ती म्हणाली. “एकदा माणूस म्हणून वाचू दे.”

मी भावोजींकडे पाहिलं. तुझं तू बघ, एवढंच ते म्हणाले, पण खरवडायचे मात्र थांबले.

मी लिहिलं. विज्ञानाची हरकत घेतली नाही, नेपथ्य विसरलो, पाचपैकी पाच तारे दिले. ताईने ते कात्रण चौकट करून बाहेरच्या खोलीत लावलं आणि मला जेवायला बोलावलं. निर्मात्यानेही तत्परता दाखवली. गुणवत्ता अपवादात्मक असल्यामुळे सलग तीनची अट शिथिल करण्यात आली. हंगामाच्या शेवटी खवल्या जळत्या इंजिनात शिरला, यान वाचलं आणि घरोघरी लोक रडले. भावोजी तेव्हापासून घरी असतात. हवं तेव्हा नाक खाजवता येतं, याचं सुरुवातीला त्यांना अप्रूप वाटलं. आता ताईने एका शाळेच्या कार्यालयात नोकरी धरली आहे, आणि दुपारी त्या चौकटीवरची धूळ भावोजी पुसतात.

खवल्या परत हवा म्हणून वाचकांची पोत्याने पत्रं आली. निर्माता लोकशाहीवादी असल्यामुळे चालू हंगामात खवल्याचा जुळा भाऊ आला, त्याच अंड्यातला आणि त्याच मुखवट्यातला. आत भावोजी नाहीत. मेलेल्या पात्राच्या नटाला परत घेतलं तर मरणाचं गांभीर्य राहत नाही, असं त्यांना कळवण्यात आलं. नवा माणूस भावोजींपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, टक्कल पडलेला आणि फार बुजरा. चित्रीकरणाच्या आधी तो पत्ता शोधत ताईकडे आला, मुखवट्यात श्वास कसा घ्यायचा हे विचारायला. भावोजींनी त्याला अख्खा दिवस शिकवलं. संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो स्वयंपाकघरात फ्रिजवर हात ठेवून उभा होता, आणि भावोजी सांगत होते, “दाबू नका. नुसता ठेवा. त्याला बरं नाहीये.” त्याने पुन्हा ठेवला, या वेळी बरोबर. ताईने दोघांना चहा दिला.

तो गेल्यावर भावोजी मला दारापर्यंत सोडायला आले. “त्याला दोन मुली आहेत,” ते म्हणाले. “नीट झोडप.”

मी माझ्याकडून कसूर केलेली नाही. ‘मेलेला खवल्या अधिक जिवंत वाटत असे,’ असं पहिल्याच आठवड्यात लिहिलं. पण आता अडचण वेगळीच आहे. परीक्षकांचा काळ संपला असं निर्मात्याचं मत झालं असून तो थेट वाचकांची पत्रं मोजू लागला आहे. आणि पत्रं येताहेत. आमचा खवल्या परत आला, तोच हात, तीच नजर, हजारांत ओळखला असता, असं लोक लिहितात. परीक्षकाला काळीज नाही, असंही लिहितात.

तुम्ही तसलं पत्र लिहिलंत असा माझा आरोप नाही. पण वरच्या मजकुरात तो माणूस फ्रिजवर हात ठेवून उभा होता, तेव्हा तुम्हाला तो आवडला, हे मला इथे बसून कळलं. निर्मात्यालाही कळेल. हंगाम संपायला थोडेच भाग उरले आहेत. तेवढे दिवस कृपया त्याला नावं ठेवा.