नोएमीच्या तोर्तिया आणि माझं नाक

बायकोला एका सकाळी आयता नाश्ता द्यावा, एवढंच माझ्या मनात आलं होतं. (चांगले विचार माझ्या मनात क्वचित येतात आणि आले की कुणाचं तरी नुकसान करूनच जातात.)

माझी बायको नोएमी बेदाण्यांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, ती थेट तिथेच. चाळिशी उलटल्यावर तिने एके दिवशी गावातल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. मी टायरच्या दुकानात काउंटरवर बसतो. गिऱ्हाइकांना सांगायचो, "हौस आहे, दोन महिन्यांत जिरेल." हौस काही जिरली नाही. शेडवरून यायची, हातापायांवरची धूळ धुवायची, बरिटोची गुंडाळी हातात घेऊनच वर्गाला पळायची. आणि यंदा विद्यापीठाने तिला एकदम तिसऱ्या वर्षाला जागा देऊ केली. त्या दिवशी सासूबाईंनी आपली लाडकी कोंबडी कापली आणि मी अख्ख्या दुकानाला डोनट वाटले.

अट एकच होती. चालू सत्रातले सगळे विषय सुटले पाहिजेत. एक जरी अडकला तर जागा गेली. बाकीचे सुटले होते. उरला होता जीवशास्त्राचा प्रयोग, आणि तो शनिवारी दुपारी वर्गात दाखवायचा होता.

हा प्रयोग काय आहे ते नोएमीने मला नक्की सांगितलं असणार. (तेव्हा बहुधा बेसबॉलचा सामना चालू होता.)

शनिवारी सकाळी ती पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेली. म्हटलं, चिलाकिलेस करू. त्याला शिळ्या तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, लागतात. त्या शोधायला लागलो, तर फ्रिजच्या डोक्यावर तोर्तियांच्या खोकंभर पिशव्या! प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. मी वाचलं नाही. आमच्या घरात डब्यावर जे लिहिलेलं असतं ते आत कधीच नसतं. बिस्किटांच्या डब्यात सासूबाईंचा सुईदोरा, दह्याच्या डब्यात मिरचीचा ठेचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी 'व्हॅनिला आइस्क्रीम' असं वाचून मोठा चमचा भरून डुकराची चरबी तोंडात घातली होती. तेव्हापासून मी वाचणं सोडलं आणि नाकावर भरवसा ठेवला.

एकेक तोर्तिया हुंगली. हिरवी बुरशी आलेल्या बऱ्याच निघाल्या, त्या परसातल्या कोंबड्यांना टाकल्या. चांगल्या होत्या त्यांचे तुकडे तळले, लाल सॉसमध्ये सोडले, वर चीज भुरभुरलं.

नोएमी डोळे चोळत आली. एक घास खाल्ला आणि माझ्या गालाचा मुका घेतला.

"म्हाताऱ्या, तू केलंस? छान झालंय रे! जरा आंबट आहे, एवढंच."

"टोमॅटो," मी म्हणालो.

"आणि हा तुकडा खारट."

"चीज."

तिने तिसरा तुकडा तोंडात घातला. चावता चावता थांबली. काटा खाली ठेवला.

"एवेरार्दो, तोर्तिया कुठून आणल्यास?"

"घरातल्याच. फ्रिजवरच्या. बुरशीच्या तेवढ्या कोंबड्यांना टाकल्या."

ती ओरडेल म्हणून मी कढई हातात धरून उभा होतो. ती ओरडली नाही. चुलीजवळ फरशीवर बसली आणि हळूच म्हणाली, "व्हिनेगर लावलेली, मीठ लावलेली, साखर लावलेली आणि काहीच न लावलेली. कुठली जास्त टिकते ते बघायचं होतं. आता निम्म्या कोंबड्यांच्या पोटात, निम्म्या कढईत."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, याला स्वयंपाकघरात घेऊ नकोस. लग्नातच म्हटलं होतं!"

"राहू दे, आई," नोएमी म्हणाली. "बरंच झालं. तिथे सगळी विशीतली पोरं. मी काय बोलणार त्यांच्यात? सोमवारी शेडवर जास्तीचे तास मागते."

मी कढई खाली ठेवली. इतकी वर्षं ती रोज शेडवरून येऊन वर्गाला गेली, पण मी एकदाही तिला म्हटलं नव्हतं की मला तुझा अभिमान वाटतो. डोनट वाटताना अख्ख्या दुकानाला सांगितलं होतं, हिलाच तेवढं सांगायचं राहिलं होतं. मग फरशीवर तिच्याशेजारी बसून सांगितलं. ती रडली, मीही रडलो, सासूबाईंनी दोघांना एकच फडकं दिलं.

"चल," मी म्हणालो. "बाईंना मी सांगतो, गाढव मी आहे."

जीवशास्त्राच्या प्राध्यापिका हकोब्यानबाईंच्या वर्गात दुसऱ्याच कुणाचा तरी प्रयोग चालला होता. नोएमीची पाळी आली. पुढे गेली, हातात उरलेल्या चिलाकिलेसची कढई. आवाज कापत होता. जे घडलं ते सगळं तिने सांगितलं. पोरं हसायला लागली. आणि मग ती एकाएकी थांबली, कढईतले उरलेले तुकडे एकेक करून चाखले.

"बाई," ती म्हणाली, आणि आवाज कापायचा थांबला. "आंबट तुकडे होते, खारट होते. गोड एकही नव्हता, साधाही नव्हता. म्हणजे त्याने टिकलेल्या म्हणून ज्या निवडल्या, त्या सगळ्या व्हिनेगरच्या आणि मिठाच्या."

बाईंनी चष्मा वर केला. "निवडणाऱ्याला प्रयोगाची काहीच कल्पना नव्हती?"

"त्याला कशाचीच कल्पना नसते, बाई."

मला पुढे बोलावलं. "तुम्ही पिशवीवरचं वाचलं नव्हतं?"

"नाही."

"बायकोने आधी सांगितलं होतं ते?"

"ऐकलं नव्हतं."

"मग निवडल्या कशा?"

"हुंगून."

बाई वर्गाकडे वळल्या. "कुठलाही पूर्वग्रह नसलेला परीक्षक असा असतो. इतका कोरा माणूस प्रयोगशाळेतही मिळत नाही." नमुने खाल्ल्याबद्दल गुण कापले, पण नोएमी पास झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला, मग कळलं की त्या तिच्यासाठी होत्या.

ऑगस्टपासून ती विद्यापीठात जाते. विशीतली पोरं तिला मानाने 'दोन्या नोएमी', म्हणजे नोएमीबाई, म्हणतात आणि परीक्षेआधी तिच्याभोवती कोंडाळं करतात. मीही सुधारलो. आता डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचतो. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात एक मोठा डबा असतो: 'जिवाणू. उघडू नये.' मी त्याच्या आसपास दूधसुद्धा ठेवत नाही. दुकानात सांगतो, आमच्या घरी भयंकर संशोधन चालू आहे.

परवा रविवारी स्वयंपाकघरात गेलो, तर मायलेकी तो डबा मध्ये घेऊन बसलेल्या, दोघींच्या हातात चमचे.

"सासूबाई, थांबा! जिवाणू!"

"हो, जावईबापू," सासूबाई चमचा चाटत म्हणाल्या. "कॅरॅमलचे आहेत."

"ऑगस्टपासून?" मी नोएमीला विचारलं.

"तू उघडतोस का, ते बघत होते," ती म्हणाली. "हाही प्रयोगच."

त्या कॅरॅमलच्या पुडिंगचा, फ्लानचा, शेवटचा चमचा तिने माझ्यापुढे धरला. मी तो आधी हुंगला.