लूपला टाकलेली फौजदारीण

पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधी हिरवी झेंडी दाखवणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. दगडूआप्पा. दौंडला स्टेशनामागच्या चाळीत आमची भिंतीला भिंत. आप्पा रेल्वेत पाईंटमन होता. रुळाचे सांधे बदलायचे आणि गाडी ह्या लाईनीवरून त्या लाईनीवर घालायची, एवढंच काम जन्मभर केलं. रिटायर झाल्यावर झेंड्या परत द्याव्या लागल्या, तर ह्यानं शिंप्याकडून ब्लाउजपिसाच्या दोन शिवून घेतल्या. एक लाल, एक हिरवी. पाखरांसाठी.

पाखरं सात. लोक त्यांना लवबर्ड म्हणायचे. ज्यानं हे नाव ठेवलं तो त्या पिंजऱ्यापाशी तासभर बसला नसणार. सकाळ झाली की मारामारी. त्यात एक पिवळी मादी होती, फौजदारीण. राळ्याच्या दाण्यांच्या वाटीवर ठाण मांडायची आणि दुसरं कोणी आलं की त्याच्या पायाचं बोट चोचीत धरायची. सगळ्यात जास्त मार खायचा एक निळा नर. गरीब, सदा कोपऱ्यात. त्याला आप्पा मास्तर म्हणायचा.

मी म्हणालो, "आप्पा, वाटी एक हाय म्हणून भांडत्यात. दुसरी ठिवा."

"ठिवली की. तर ही दोन्ही राखती. हिकडून तिकडं पळती."

मग त्यानं वाट्या दोन टोकांना नेल्या आणि मधे पुठ्ठा लावला. एका वाटीवरून दुसरी दिसायला नको. बसायच्या दांड्या सगळ्या एका उंचीवर केल्या. म्हणाला, "वर बसलं की डोक्यात जातं. माणसाच्या बी."

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी आप्पा डोळे दाखवायला पुण्याला गेला आणि चावी माझ्याकडं दिली. दुपारी बघतो तर मास्तरच्या पायाला रक्त. मला दया आली. भिंतीला एक लहान रिकामा पिंजरा टांगलेला असायचा. मास्तरला धरला, त्यात ठेवला, दाणापाणी दिलं. मोठं पुण्य केलं असं वाटलं.

संध्याकाळी आप्पा आला आणि माझ्यावरच भडकला. "आबा, मार खाल्ला त्यानं, आन् घराबाहेर बी त्यानंच जायचं? ह्यो कुठला न्याव?"

त्याचंच खरं निघालं. दुसऱ्या दिवशी मास्तरला परत सोडला, तर बाकीचेही त्याला परका समजून टोचायला लागले. मग आप्पानं लाल झेंडी दाखवली, फौजदारणीला पकडली आणि लहान पिंजऱ्यात घातली.

"लूपला टाकली," म्हणाला.

लूप म्हणजे स्टेशनातली बाजूची लाईन. मेन लाईन मोकळी राहावी म्हणून एखादी गाडी तिथं उभी करतात. आप्पानं खडू घेतला आणि भिंतीवर लिहिलं, 'फौजदारीण, सोमवार.' म्हणजे पुढच्या सोमवारी तिला परत सोडायची.

"हे लिवायचं कशाला? एक तर पाखरू. ध्यानात ऱ्हाणार न्हाई व्हय?"

"ऱ्हातंय म्हणूनच लोक लिवत न्हाईत, आबा. आन् मग विसरत्यात."

ते आणीबाणीचं साल होतं. चाळीतली पोरं चिडवायची, "काय आप्पा, तुमच्या पिंजऱ्यात बी आत टाकणं सुरू झालं का?" आप्पा म्हणायचा, "आत टाकायला काय अक्कल लागती रे? भाईर कवा काढायचं, त्याला लागती."

आणि गंमत सांगतो. ते आठ दिवस आप्पा दुपारचा चहा फौजदारणीच्या शेजारी बसून प्यायला. मोठ्या पिंजऱ्याकडं पाठ करून. मी म्हणालो, ज्यानं मार खाल्ला त्याच्यापाशी बसा की. तर म्हणाला, "त्याच्याकडं समदे बघत्यात. मारणाऱ्यापशी कोण बसतंय?"

आठव्या दिवशी तिला परत घेताना त्यानं आधी मोठ्या पिंजऱ्यातल्या दांड्या, वाट्या, सगळं हलवून ठेवलं. कोणाची जुनी जागा राहिली नाही. हिरवी झेंडी दाखवली, दार उघडलं. फौजदारीण आत गेली आणि पाहुण्यासारखी कडेला बसली. खाल्लं ते सगळ्यांच्या मागून.

आता माझं सांगतो. लपवून काय करू?

आमची मंडळी जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. चाळीस वर्षांचा संसार. ती गेली आणि मी सुनेला टोचायला लागलो. सुमन तिचं नाव. पोरगी भली. मुलगा मालगाडीवर गार्ड, चार-चार दिवस घराबाहेर, म्हणून घरात आम्ही दोघंच. भाजीत मीठ नीट असलं तरी मी ताट सरकवायचो. "तुझ्या सासूच्या हातची चव न्हाई," म्हणायचो. शेगडीपुढं मंडळीचा पाट होता, त्यावर सुमनला बसू द्यायचो नाही. सहा महिने ती पोरगी उकिडवी बसून भाकरी थापत होती. रडायची, मला दिसायचं. दिसलं की मी जास्तच बोलायचो. असं का, ते मला आजही सांगता येत नाही.

एक दिवस तिनं उलट उत्तर दिलं. मी म्हणालो, "जा माहेरी. पुन्हा येऊ नगंस." ती पिशवी भरायला लागली.

मी बाहेर येऊन आप्पाला हे सांगितलं. थोडं तोऱ्यातच. आप्पा सरळ आमच्या घरात शिरला, माझी वळकटी उचलली आणि काखेत मारली.

"सुमन, पिशवी ठिव खाली. चला, आबा."

"कुठं?"

"लूपला."

मी शिव्या दिल्या. पण गेलो. त्याच्या खोलीत भिंतीवर खडूनं लिहिलं होतं, 'आबा, मंगळवार.'

आठ दिवस मी तिथं राहिलो. तो पिठलं करायचा, कच्चं. मी खायचो. दुपारी चहा घेऊन माझ्या शेजारी बसायचा. उपदेशाचा एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी मी मंडळीसाठी रडलो, सहा महिन्यांत पहिल्यांदा. तेव्हाही तो फक्त बसून राहिला.

आठव्या दिवशी घरी गेलो. शेगडी दुसऱ्या भिंतीला होती. आप्पानंच सुमनला हलवायला सांगितली होती. पाट मात्र तिनं जुन्या जागी तसाच ठेवला होता. मी तो उचलला, शेगडीपुढं टाकला.

"बस," म्हणालो. "गुडघे दुखतील."

दुपारी मी चहा प्यायला आप्पाकडं गेलो. भिंतीवरचं माझं नाव तो ओल्या फडक्यानं पुसत होता. मी विचारलं, "आप्पा, हे विसरायचं भ्या तुमाला एवढं का?"

तो पुसत राहिला. मग म्हणाला, "शिरूरला बायको हाय माझी. पोरगा हाय. लई मारायचो तिला. येक दिस तिनं गाठोडं बांधलं. म्हणलं, तू का जातीस, मीच जातो. हिकडं आलो."

"कवा?"

"एकवीस वर्सं झाली."

"मग परत का न्हाई गेला?"

"लूपच्या गाडीनं आपल्या मनानं मेनला यायचं नसतं, आबा. 'ये' म्हणून सिग्नल पडावा लागतो. तिनं पाडला न्हाई. कुणी लिवून ठिवलं नव्हतं."

मी चौथी शिकलेला. खडू घेतला आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दगडूआप्पा, बुधवार.'

"ह्ये काय?"

"सिग्नल पडलाय का, ते बघायला तरी माणूस जाया पायजे. उद्याच्या यस्टीनं मी शिरूरला जातो. पत्ता सांगा."

त्यानं पत्ता सांगितला. एकवीस वर्षांनी एका दमात, शेजारचं पिठाच्या गिरणीचं दार कोणत्या तोंडाला आहे त्यासकट. बायकोचं नाव मात्र घेतलं नाही.

सकाळी मी स्टँडवर गेलो तर आप्पा आधीच येऊन उभा. धुतलेला सदरा, काखेत काहीतरी गुंडाळलेलं. मी गाडीत बसलो. तो खिडकीपाशी आला. म्हणाला, "म्या पाठवलंय असं म्हणू नगा. आन् बोलाय लागली, तर मधे बोलू नगा. बोलू द्या तिला."

कंडक्टरनं घंटी मारली. मी मागं वळून पाहिलं. आप्पा स्टँडच्या मधोमध उभा होता, आणि ब्लाउजपिसाची हिरवी झेंडी त्यानं हात पुरा ताणून वर धरली होती. कंडक्टर हसला. "कोण हो ते?"

"पाईंटमन," मी म्हणालो.

गाडी वळेपर्यंत त्यानं हात खाली घेतला नाही.