शैलेश घरत पडत नाही

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता शैलेश घरत पांढरीशुभ्र पँट घालून, अनवाणी पायांनी, नवीन पनवेलमधल्या एका हॉलच्या जिन्यात उभा होता आणि फोनवर ओरडत होता, "अरे, द्राक्षांचा कंटेनर आहे तो! उन्हात उभा करून बेदाणे करतोयस का?"

शैलेश कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होता. चाळीस ट्रेलर त्याच्या भरवशावर बंदरात ये-जा करायचे आणि त्यातला एक तरी कुठेतरी अडकलेला असायचाच. आता असा माणूस अनवाणी जिन्यात कसा, तर त्यालाही कारण फोनच.

आठ महिन्यांपूर्वी त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने, प्रांजलने, कापोएराच्या क्लासचा फॉर्म आणला होता. ब्राझीलचा हा खेळ म्हणजे निम्मा नाच आणि निम्मी मारामारी. सगळे गोल करून गातात, वाजवतात आणि मध्ये दोघं जण एकमेकांना लागणार नाहीत अशा बेताने लाथा मारतात. फॉर्मवर शेवटी विचारलं होतं, 'पालकही शिकणार का?' प्रांजल म्हणाली, "पप्पा, हो लिहू?" शैलेश फोनवरच्या ड्रायव्हरला म्हणाला, "हो, हो, लवकर कर!" तिने लिहून टाकलं. घरी दोन मापांच्या पांढऱ्या पँटी आल्या तेव्हा त्याला कळलं. तोवर प्रांजलने अख्ख्या वर्गात सांगून ठेवलं होतं की माझे पप्पा माझ्याबरोबर शिकतात. आठ महिन्यांत ते पप्पा दहा वेळा क्लासला गेले, त्यातल्या सहा वेळा जिन्यातच.

आणि आता परीक्षा आली होती. शनिवारी सराव, रविवारी समारंभ. पास होणाऱ्याच्या कमरेला रंगीत दोरी बांधणार. त्यासाठी खास ब्राझीलहून मोठे गुरू आले होते. तिकडे गुरूला मेस्त्रे म्हणतात. पनवेलमध्ये पहिल्या तासाभरातच त्यांचे मेस्त्री झाले.

शैलेश जिन्यातून आत आला तेव्हा क्लासचे विनायक सर सांगत होते, "तर उद्या एवढं एकच लक्षात ठेवायचं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

"हो सर!" पोरं ओरडली. शैलेशही ओरडला. मग शेजारी उभ्या असलेल्या क्लासमधल्या दिपिकाला त्याने हळूच विचारलं, "काय लक्षात ठेवायचं गं?"

"अंकल, ते पायांचं," ती म्हणाली, आणि ढोलकं सुरू झाली.

पायांचं काय, हे त्याला प्रांजलला विचारायचं होतं. पण विचुंब्याला परतताना ती गाडीत झोपली आणि घरी पोचल्यावर द्राक्षं पुन्हा अडकली. तो गॅलरीत येरझाऱ्या घालत असताना प्रांजल आजोबांना सांगत होती, "आबा, उद्या मेस्त्री पप्पांना पाडणार आहेत!"

आबा, म्हणजे बुधाजी घरत. त्यांनी उभी हयात मिठागरात घालवली होती. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "पारनार? भर सभेत?"

"हो! सगळ्यांसमोर!" प्रांजल आनंदाने म्हणाली. आबांना तो आनंद मुळीच समजला नाही.

रविवारी सकाळी ते कडक इस्त्रीचा पांढरा लेंगा-सदरा घालून चहाला बसले. "सैलेश, मी बी येनार. तो मेस्त्री तुला पारनार हाय."

"मला? कशाला?"

"ते त्याला ठाव. पन तू परायचा नाय. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन चिखलाच्या बांधावरनं चाललोय आमी, पाय घसरला नाय कदी. तू बी सुट्टीत चाललायस. बोटं रोवायची, गुडघं सैल. कललं?"

शैलेशला एकदम उलगडा झाला. ते पायांचं! परीक्षा ही होती तर. त्याने त्या दिवशी पहिल्यांदा फोन बंद करून बायकोच्या, कोमलच्या, पर्समध्ये टाकला. कोमलने आधी फोनकडे आणि मग त्याच्या कपाळाला हात लावून पाहिलं.

हॉल भरला होता. गोल झाला, टाळ्या सुरू झाल्या. शैलेशचं नाव पहिलंच पुकारलं. मेस्त्री चांगले साठीचे, काटक, हसरे. त्यांनी दोन गिरक्या घेतल्या, अलगद खाली बसले आणि शैलेशच्या घोट्यामागे पाय घालून ओढला. शैलेशने बोटं रोवली, गुडघे सैल सोडले. तो हलला नाही.

"शाब्बास!" आबा खुर्चीवरून ओरडले.

मेस्त्रींनी भुवया उंचावल्या. दुसऱ्या बाजूने पाय ओढला. शैलेश हलला, पण उभा राहिला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मेस्त्रींना घाम फुटला. मागे रांगेत चौदा पोरं खोळंबली. विनायक सर डोळे मोठे करून हाताने खाली, खाली अशी खूण करत होते. शैलेशला वाटलं, आणखी खाली वाकून उभं राहा म्हणताहेत. तो आणखी वाकला. आता तर तो हत्तीनेही हलला नसता.

"पडा! पडा!" पोरं ओरडायला लागली.

शैलेशला वाईट वाटलं. एवढी काय दुश्मनी? मग त्यात प्रांजलचा आवाज ऐकू आला, रडवेला. "पप्पा, पडा ना! मेस्त्रींनी पाय ओढला की पडायचं! पडलं की पास असतं!"

"परू नको रे!" दुसरीकडून आबा.

मुलगी पड म्हणते, बाप पडू नको म्हणतो, आणि मध्ये हा, गुडघे वाकवून. पडावं तरी कसं, हेही त्याला सुचेना. पाय आपोआप रोवले जात होते.

शेवटी आबांना राहवेना. चपला काढून ते तरातरा गोलात शिरले. "ओ मेस्त्री, पोराला सोडा!"

गोलात नवा माणूस आला की जुन्याने बाहेर जायचं, हा खेळाचा नियम. विनायक सरांनी ती संधी साधून शैलेशला दंड धरून बाहेर ओढलं. मेस्त्रींनी पाहिलं, पांढरे कपडे, अनवाणी पाय, म्हणजे पुढचा विद्यार्थी. ते आबांपुढे आदराने वाकले, खाली बसले, पायाला हलकासा झोल दिला, पाठीला हाताचा आधार दिला, आणि आबा मऊ गादीवर ठेवावेत तसे जमिनीवर उताणे.

ढोलकं थांबली. शैलेश धावला. "आबा! लागलं का?"

आबा वरच्या पंख्याकडे बघत होते. "कवा पारलं रे यानं? मला कललंच नाय!" आणि ते खदाखदा हसायला लागले.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मेस्त्रींनी त्यांना उठवलं, मिठी मारली आणि कमरेला पिवळीजर्द दोरी बांधली. पुढच्या अर्ध्या तासात प्रांजल आणि बाकीची पोरं पटापट पडून दोऱ्या घेऊन गेली.

गर्दी पांगल्यावर शैलेश विनायक सरांजवळ गेला. "सर, आता कळलं मला. आत्ता पडतो ना. हे बघा." आणि तो खरोखरच जमिनीवर आडवा झाला.

"उठा, घरत," सर मवाळपणे म्हणाले. "असं आपलं आपण पडलेलं धरत नाहीत."

तो आडवाच राहिला. आता उठून काय करायचं, तेही त्याला उमगेना. प्रांजल येऊन त्याच्या डोक्याशी बसली. जिन्यात गेलेले पप्पा तिने पुष्कळ पाहिले होते. आज अख्खा वेळ आत असलेले ती पहिल्यांदाच पाहत होती. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला.

"वाईट नका वाटून घेऊ, पप्पा. आपण रोज सराव करू. पुढच्या वर्षी तुम्ही नक्की पडाल."