सोमवारपासून काडीमोड

वुकोसाव पोस्टातून निवृत्त झाला तेव्हा त्याच्या पदरात दोन गोष्टी पडल्या. एक निरोपाचं घड्याळ आणि दुसरा मूतखडा. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं, खडा मात्र चोख काम करत होता. डॉक्टरणीने त्याला घोडशेपटीचा काढा प्यायला सांगितलं, तर हा गडी भडकलाच. "मी काय तबेल्यात बांधलोय?" असं म्हणून तो तरातरा घरी आला आणि त्या दिवसापासून आलुबुखाऱ्याची दारू, म्हणजे आपली राकिया, दोन पेले जास्त घेऊ लागला.

आता घोडशेपटी हे झालं शाळेतलं, पुस्तकातलं नाव. मोरावा नदीकाठच्या आमच्या गावात त्या झाडाला असं कुणी म्हणत नाही. त्याची काडी ओढली की पेरापेराशी सुटून येते, म्हणून आमच्याकडे तिचं नाव रास्ताविच. मराठीत सांगायचं तर थेट काडीमोड! बायका तिने तवे घासतात आणि म्हातारे तिचा काढा पितात. वुकोसाव पडला शहरातला, लेपोसावाकडे घरजावई म्हणून आलेला. बत्तीस वर्षं झाली, पण बायको बोलू लागली की पेपराआडून 'हं' म्हणायचं, यापलीकडे त्याने गावच्या बोलीत कधी डोकं घातलं नव्हतं.

शनिवारी सकाळी लेपोसावा अंगणातून ओरडली, "ऐकलंस का? सोमवारपासून काडीमोड! आता तुझं काही एक चालायचं नाही!"

"हं," पेपराआडून उत्तर आलं.

कुंपणापलीकडे शेजारीण देसांका मिरच्या भाजत होती. तिने त्या तशाच जळू दिल्या आणि हात पुसत कॉफी प्यायला आली.

"लेपा, कानावर आलं ते खरं का गं? काडीमोड?"

"मग काय करू? किती सोसायचं माणसानं? रात्रभर कण्हतो, डोळ्याला डोळा लागू देत नाही."

"आणि सरळ सोमवारीच?"

"डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं. म्हणाल्या, तीन आठवड्यांत सगळं मोकळं होईल."

"अगं बाई! आणि वुकोसाव तयार झाला?"

"हं म्हणाला की."

देसांकाला ही वनस्पती ठाऊक नव्हती असं नाही. तिच्या स्वतःच्या चुलीवर त्याच काडीची जुडी टांगलेली होती. पण झाडपाल्याची कुठे बातमी होते? दुपारपर्यंत बेकरीत पाव कमी आणि काडीमोड जास्त खपला. संध्याकाळी तालुक्याचा वकील येऊन लेपोसावाच्या हातात कार्ड ठेवून गेला, "ताई, संकोच करू नका," म्हणाला. लेपोसावाला वाटलं, निवडणूक आली असेल. तिने कार्ड एप्रनच्या खिशात टाकलं. रविवारी चर्चमध्ये धर्मगुरूंनी संसारातल्या सहनशीलतेवर तासभर प्रवचन झोडलं, तेही वुकोसाववर नजर रोखून. तो डुलक्या घेत होता. शेवटी दचकून जागा झाला आणि "हं" म्हणाला. अख्ख्या चर्चने उसासा टाकला.

तिथून तो थेट गुत्त्यावर गेला. मालक मिलोयेने न मागता पेला भरून पुढे केला.

"घे बाबा, घरच्यासारखा पी. आता तुला घर तरी कुठलं!"

"म्हणजे?"

"उद्या तुझा काडीमोड ना? गावभर झालंय."

"माझा? आणि मला न विचारता?"

"विचारलं होतं म्हणे. तू हं म्हणालास."

वुकोसावच्या हातातला पेला तसाच राहिला. घर लेपोसावाचं, बाग लेपोसावाची, पलंगसुद्धा तिच्या बापाने बनवलेला. त्याचं स्वतःचं म्हणावं असं बंद घड्याळ आणि तो खडा. शिवाय या बत्तीस वर्षांत आपण आणखी कशाकशाला 'हं' म्हणून बसलोय, या विचाराने त्याला घाम फुटला.

घरी येऊन त्याने भांडी घासली. सरपण फोडलं. पाठमोऱ्या लेपोसावाकडे बघताना त्याला भडभडून आलं. ही नसली तर आपण कण्हायचं कुणापुढे? लेपोसावाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, पण ताप नव्हता.

सोमवारी उजाडताच तो दाढी करून, लग्नातला कोट घालून टेबलाशी बसला. पायाशी बॅग होती. लेपोसावाने समोर वाफाळता हिरवट कप ठेवला.

"हे काय?"

"काडीमोड. ठरलंय ना आपलं?"

"इतक्या लवकर? नाश्त्याच्या आधीच?"

"उपाशीपोटीच बरा. चल, उरकून टाक."

"सही कुठे करू?"

"कपावर कुणी सही करतं? पी मुकाट्याने!"

वुकोसावचा बांध फुटला. "लेपा, एकदा माफ कर गं! राकिया सोडतो, कण्हणं सोडतो. म्हातारपणी मी कुठे जाऊ? मला तुझ्याशिवाय करमायचं नाही!"

लेपोसावाला आधी काही कळेना. मग तिने कोट पाहिला, बॅग पाहिली, खिशातलं कार्ड आठवलं, आणि ती हसत हसत मटकन खुर्चीत बसली. "अरे मेल्या, घोडशेपटी आहे ती! तुझ्या डॉक्टरणीची घोडशेपटी!"

वुकोसावने तो कप एका दमात रिकामा केला आणि आणखी एक मागून घेतला. गवत उकळल्यासारखी चव होती, पण त्याने तोंड वाकडं केलं नाही. मग कोट खुंटीला अडकवला, हुश्श करत पाय पसरले आणि पेपर उघडला.

"आज मिरच्या आणायच्यात बाजारातून," लेपोसावा म्हणाली.

"हं."

 लेपोसावाने एप्रनच्या खिशातून वकिलाचं कार्ड काढलं आणि साखरेच्या डब्याला टेकवून उभं केलं.

पेपर खाली आला.

"काय म्हणालीस लेपा? मिरच्या? किती किलो आणू?"