बेसिक कोर्समधला चमत्कार

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो. मी फसलो नाही. मला फसवण्यात आलं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो माझ्या घरात, आमच्या सोसायटीत आणि शेजारच्या क्लेमेंटच्या वाडीत एकाही माणसाला कळत नाही, याचा मला भयंकर संताप येतो.

झालं असं की, माझी बायको विनया हिने मेकअपचा कोर्स करायचं ठरवलं. तिचा हात मुळातच चांगला. सोसायटीच्या गॅदरिंगमध्ये पोरांना मिशा काढण्यापासून ते कोणाच्या साखरपुड्याला मुलगी सजवण्यापर्यंत सगळं तिच्याकडेच यायचं. आमचा आयुष शिकायला पुण्याला गेला आणि तिने जाहीर केलं, "आता मी हे रीतसर शिकणार आणि स्वतःचं काम सुरू करणार." लगेच मटिल्डाने तिला शब्दही देऊन टाकला, "विनया, मे महिन्यात आमच्या ॲनिशाचं लग्न आहे. तिला तूच तयार करायचं."

मटिल्डा म्हणजे क्लेमेंटची बायको. आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे, वसईतल्या होळी नावाच्या गावात त्यांची केळीची आणि भाजीची वाडी आहे. ॲनिशा ही त्यांची दोन मुलग्यांनंतर झालेली एकुलती मुलगी. तिचा लग्नाच्या दिवशीचा चेहरा मटिल्डा विनयाच्या हाती सोपवत होती. विनया त्या दिवशी इतकी खूश होती की तिने आमटीत मीठ दोनदा घातलं. (मी काही बोललो नाही. माझे हे गुण कोणी मोजत नाही.)

आता प्रश्न असा, की शिकायचं कुठे? वसई-विरारमध्ये दुधाच्या बूथपेक्षा मेकअप क्लास जास्त. विनया म्हणाली, "तिथे शिकून गेलेल्या दोन-तीन मुलींना मी फोन करून विचारते."

"मुलींना काय कळतंय?" मी म्हणालो. "हे काम माझ्यावर सोड."

कारण मी सहकारी बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात आहे. शाखेत पाऊल टाकलं की कुठे पाणी मुरतंय ते मला कळतं. माझ्या हाताखालून कितीतरी मॅनेजर घाम पुसत गेले आहेत. तर मेकअपवाल्यांची काय कथा!

मी रीतसर तपासणी केली. एका क्लासमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. बाद. एका ठिकाणी बाईंनी स्वतःच दार उघडलं, म्हणजे रिसेप्शनिस्ट ठेवण्याइतकीही ऐपत नाही. बाद. एका ठिकाणी पोरी कोणा म्हाताऱ्या बाईच्या तोंडाला काहीतरी फासत होत्या आणि जमिनीवर कापसाचे बोळे पडले होते. अस्वच्छता! बाद.

आणि मग आम्ही 'ग्लोरिसा इंटरनॅशनल मेकअप अकॅडमी'त शिरलो. काचेचं दार आपोआप उघडलं. आत एसी, पांढरा सोफा, भिंतभर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं, त्यातली काही तर लंडनची. कोल्ड कॉफी आली. मग दिपिका मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमचे प्रश्न ऐकूनच कळतं, तुम्ही ऑडिटमधले आहात."

मी अजून एकही प्रश्न विचारला नव्हता. पण बाईला माणसांची पारख होती, हे उघड होतं.

विनयाने मात्र मध्येच तोंड घातलं. "शिकवणार कोण? आणि प्रॅक्टिस कोणाच्या चेहऱ्यावर?"

"मॅम, आमची मेथड इंटरनॅशनल आहे," मॅडम गोड हसल्या. "आणि काम मिळण्याची हंड्रेड पर्सेंट गॅरंटी."

"पण चेहरे..."

मी तिच्या कोपराला हळूच ढोसलं. माणूस लंडनपर्यंत पोचलाय आणि ही चेहरे विचारतेय! मी मान डोलावली आणि बेसिक कोर्सला ॲडमिशन झालं.

पुढे काय झालं ते सांगताना आजही माझं रक्त उकळतं. दिपिका मॅडम वर्गात यायच्या, पण पडद्यावर. त्यांचा व्हिडिओ लावून दिला जायचा. प्रत्यक्ष शिकवायला जी 'सीनियर ट्रेनर' होती, ती आदल्याच बॅचमधून पास झालेली. निम्मा वेळ अकॅडमीची रील काढण्यात जायचा. आणि प्रॅक्टिस? प्रत्येकीला रबराचं एक मुंडकं दिलं होतं. विनया ते घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवायची आणि त्याला नवरी करायची. दिसायचं मात्र झकास. एकदा संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या मी त्यालाच "चहा टाकतेस का?" असं विचारलं होतं.

"अहो, मला जिवंत चेहरा पाहिजे," विनया दोन-तीनदा म्हणाली. "याला घाम येत नाही, हे डोळे मिटत नाही, रडत नाही. नवरी रडली तर मी काय करायचं?"

"कशाला रडेल? तू आधी सर्टिफिकेट तर घे," मी म्हणालो.

सर्टिफिकेट मिळालं. हॉटेलच्या हॉलमध्ये, काळा झगा आणि झुपकेवाली टोपी घालून. मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. विनयाचा चेहरा मात्र परीक्षेचा पेपर कोरा देऊन आल्यासारखा होता.

लग्नाच्या सकाळी विनयाने ॲनिशाला तयार केलं. मी अंगणात मांडवाखाली क्लेमेंटबरोबर बसलो होतो. खोलीचं दार उघडलं आणि पांढऱ्या गाऊनमध्ये ॲनिशा बाहेर आली तेव्हा सगळे बघतच राहिले. सावळी पोरगी चांगली दोन छटा उजळ झाली होती. मटिल्डाने विनयाचा हात धरला. मी क्लेमेंटला म्हणालो, "अकॅडमी मी निवडली हं!"

एवढं बोलून मी थांबायला हवं होतं. आणि लग्नसुद्धा तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण या ख्रिस्ती घरांतली एक रीत आम्ही दोघेही विसरलो होतो. नवरी चर्चला निघण्यापूर्वी घरातली सगळी मोठी माणसं तिला आशीर्वाद देतात आणि प्रत्येक जण तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतो.

आणि क्लेमेंटच्या घरात मोठी माणसं काय कमी आहेत? आधी आजोबांनी काढला. मग क्लेमेंटने. मग काका, काकू, मामा, मामी, आत्या. मे महिन्यातली वसई, मांडवातली गर्दी, ॲनिशाच्या कपाळावर घाम, आणि वरून अंगठ्यामागून अंगठे. प्रत्येक अंगठा थोडा थोडा मेकअप घेऊन जात होता. मला वाटतं, मामीच्या वेळेला खालची सावळी कातडी डोकवायला लागली असावी. मग आली हिल्डा मावशी. मटिल्डाची ही मावशी लग्न होऊन अर्नाळ्याला गेलेली, जन्मभर मासळी उचललेले हात. तिने डोळे मिटून, पुटपुटत, चांगला दाबून क्रूस काढला. डोळे उघडले. आणि हात जोडून खाली गुडघ्यांवर बसली.

"क्रूस उमटला! पोरीच्या कपाळावर क्रूस उमटला! कोनीतरी फादरला बोलवा!"

खरंच उमटला होता. गोऱ्यापान कपाळावर ठसठशीत सावळा क्रूस. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये या लोकांच्या कपाळावर राखेने काढतात, तसाच. मागच्या दोन म्हाताऱ्याही खाली बसल्या. कोणीतरी प्रार्थना सुरू केली. दोन पोरांनी मोबाईल काढले.

मला गप्प बसवेना. "मावशी, उठा," मी म्हणालो, "हा चमत्कार नाही. हा बेसिक कोर्स आहे."

"तू गप रे! तुला काय कलतंय?"

ॲनिशाने आरशात बघितलं आणि तिचा बांध फुटला. त्याबरोबर डोळ्यांतलं काळं गालावरून ओघळून गाऊनच्या गळ्यापर्यंत निघालं. मटिल्डा एकदा मुलीकडे बघे, एकदा घड्याळाकडे. दारात फुलं लावलेली गाडी उभी, चर्चमध्ये फादर तयार. विनया स्पंज घेऊन धावली. क्रूस बुजवायला गेली तर तिथे पोपडा धरला, पोपडा पुसायला गेली तर अर्धी भुवई गेली. रबराच्या मुंडक्याने तिला यातलं काही शिकवलं नव्हतं.

शेवटी तिने स्पंज खाली ठेवला. "ॲनिशा, चल मोरीत. तोंड धू."

साबणाने तोंड धुतलं, वर नुसती पावडर, काजळ आणि ओठांना जरासा रंग. ॲनिशा आपल्या सावळ्या चेहऱ्याने चर्चला गेली आणि खरं सांगायचं तर फार गोड दिसली. पण विनयाला ते दिसत नव्हतं. मटिल्डा एक शब्द वाकडा बोलली नाही, तेच विनयाला जास्त लागलं. ती रिसेप्शनला जेवली नाही. पुढच्या आठवड्यात ॲनिशाच्या चुलत बहिणीने, डायनाने, आपल्या नोव्हेंबरमधल्या लग्नाचं काम दुसरीकडे दिल्याचं कळवलं. विनयाने ब्रशची पेटी माळ्यावर टाकून दिली आणि म्हणाली, "मला हे जमणारं नव्हतंच."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. माझ्या बायकोचा हात चांगला आहे! तिला न शिकवता पास करणारे हे कोण? मी तडक ग्लोरिसात गेलो. दार आपोआप उघडलं, त्यामुळे ते ढकलून आत शिरण्यातला जोरच गेला.

"मॅडम, तुमचा मेकअप निघाला! भर लग्नात!"

"सर, ब्राइडच्या फेसला हात कोणी लावू दिला?"

"आशीर्वाद होता तो!"

"मग बरोबर आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मेकअप बसवायचा कसा, ते ॲडव्हान्समध्ये येतं. बेसिकमध्ये फक्त लावायचा."

"लोकांना काय सांगायचं, नवरीला लांबूनच आशीर्वाद द्या?"

"सर, इतकी बारीक गोष्ट तुमच्याच लक्षात येऊ शकते. बाकीचे हजबंड नुसते भांडतात."

मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. तरीही, घरी आलो तेव्हा माझ्या हातात ॲडव्हान्स कोर्सचं माहितीपत्रक होतं आणि विनयासाठी मी एक जागा राखून ठेवायला सांगून आलो होतो. (कॉफी पुन्हा चांगली होती.)

विनयाने पत्रक बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, आता ती रडणार. पण तिने माळ्यावरून ब्रशची पेटी खाली काढली आणि म्हणाली, "रविवारी माझ्याबरोबर चला. मला पुन्हा क्लास बघायचेत."

मला भरून आलं. एवढं सगळं होऊनही तिचा माझ्या नजरेवर विश्वास होता.

रविवारी पहिल्या क्लासमध्ये मखमली खुर्च्या आणि काजूची बर्फी होती. बाई म्हणाल्या, "सरांना लगेच क्वालिटी कळते." मी मान डोलावली. विनया माझ्याकडेच बघत होती. "चला," म्हणाली आणि उठली. दुसऱ्या ठिकाणी झुंबर होतं आणि दुबईतल्या कामाची गॅरंटी. मी मान डोलावली. "चला." मला कळेना, सगळं माझ्या पसंतीचं असताना ही उठते का?

तिसरा क्लास विरारला, एका जुन्या इमारतीत, लिफ्टशिवाय. गॉडफ्रे नावाचा टकला गृहस्थ. भिंतीवर एक सर्टिफिकेट नाही. पंखा मुद्दाम बंद. खुर्च्यांवर खऱ्याखुऱ्या बायका घामाघूम होऊन बसलेल्या, सावळ्या, गोऱ्या, सुरकुतलेल्या, आणि पोरी त्यांच्या तोंडांवर राबत होत्या. एकीचं काम बघून हा माणूस खेकसला, "पूस! परत कर!"

मग माझ्याकडे वळला. "तुम्ही कोण?"

"मी यांचा मिस्टर. सहकारी बँकेत इन्स्पे..."

"शिकायचंय?"

"नाही, पण मी..."

"मग बाहेर बसा. उजेड अडवताय."

मला! पाणीसुद्धा न विचारता! मी जिन्यात, चपलांशेजारी उभा राहिलो. उघड्या दारातून विनयाचा आवाज येत होता. काम मिळेल का, असं ती विचारत होती. "ते तुमच्या हातावर," तो म्हणाला. "मी काय देव आहे?" मग त्याने चक्क स्वतः लांब जाऊन तिला पोरींशी एकटीला बोलू दिलं. हा काय धंदा करण्याचा प्रकार झाला?

विनया बाहेर आली आणि मी फुटलोच. "या माणसाच्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही! ना एसी, ना गॅरंटी, ना बोलायची रीत!"

"आवडला नाही तुम्हाला?"

"अजिबात नाही!"

"नक्की?"

"इतका वाईट क्लास मी आयुष्यात बघितलेला नाही!"

विनयाचा चेहरा उजळला. त्या लग्नानंतर पहिल्यांदाच ती अशी हसत होती. तिने चपला पुन्हा काढल्या आणि दारातून आत डोकावून म्हणाली, "सर, माझं नाव लिहून घ्या. ह्यांना क्लास अजिबात आवडलेला नाही."