टेलरबाईंच्या लॅपटॉपची खरेदी समिती

सोमवारी दुपारी टेलरबाई एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी करत होत्या, तेवढ्यात मोबाइल वाजला. तोंडातल्या दोन टाचण्या काढून त्यांनी उशीला टोचल्या आणि संदेश वाचला. मग पुन्हा वाचला. मशीनवरचा पाय काढून घेतला आणि तशाच बसून राहिल्या.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी गृहव्यवस्थापनाच्या पदविकेला नाव घातलं होतं. अभ्यास घरी बसून करायचा होता. संदेशाप्रमाणे पहिला निबंध शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचायला हवा होता. विषय होता, 'कुटुंबातील मोठ्या खरेदीचा निर्णय: एक निरीक्षण'. हाताने लिहिलेला चालणार नव्हता, संगणकावर टाइप केलेला हवा होता. मुदत चुकली तर नाव पटावरून कमी होणार होतं.

बाईंचं नाव याआधी एकदा पटावरून कमी झालं होतं. त्या वेळी कारण त्यांचं लग्न होतं. तेव्हापासून सव्वीस वर्षं त्या दुसऱ्यांचे कपडे आत घेत होत्या, बाहेर सोडत होत्या. स्वतःसाठी चार बोटं जागा आत्ता कुठे सोडली होती, आणि ती पाच दिवसांत पुन्हा शिवली जायची वेळ आली होती.

संध्याकाळी नवरा घरी आला. तो एका मोठ्या कार्यालयात एकोणतीस वर्षं भांडारपाल होता. तिथे साधी पेन्सिल घ्यायची तरी तीन दुकानांची कोटेशनं येत, त्यांचा तुलनात्मक तक्ता होई, समिती बसे, आणि मग पेन्सिल येई. घरी त्याने आयुष्यात एकदाच उत्साहाच्या भरात, कोणालाही न विचारता एक पंखा आणला होता. तो पंखा अकरा वर्षं वारा सोडून बाकी सगळं देत होता. त्यानंतर कार्यालयाचे नियम घरालाही लागू झाले.

"अहो, मला एक साधा लॅपटॉप हवाय. स्वस्तातला. लिहिण्यापुरता," बाई म्हणाल्या. "शनिवारच्या आत."

"घेऊ की! तुझ्या शिक्षणासाठी नाही घ्यायचा तर कशासाठी घ्यायचा?" भांडारपाल म्हणाले. बाईंना बरं वाटलं. मग ते म्हणाले, "फक्त रीतसर घेऊ."

'रीतसर' हा शब्द ऐकून स्वयंपाकघरातून लेक बाहेर आली आणि आतल्या खोलीतून सासूबाई आल्या. पावणेआठ वाजता समिती स्थापन झाली. अध्यक्ष भांडारपाल. तांत्रिक सदस्य लेक, कारण ती दवाखान्याच्या खिडकीत बसून दिवसभर संगणकावर पावत्या करायची. ज्येष्ठ सदस्य सासूबाई, कारण त्यांना वगळायची कोणाची छाती नव्हती.

"आणि मी?" बाईंनी विचारलं.

"तू मागणीदार. मागणीदाराला समितीत बसता येत नाही. पक्षपात होतो."

"कोणाचा पक्षपात? वापरायचा मलाच ना?"

"म्हणूनच तर!"

लेकीने मध्येच तोंड घातलं. "बाबा, दवाखान्याचा संगणक घरच्या कामाला देत नाहीत, नाहीतर मीच टाइप करून दिलं असतं. उगाच एवढा पसारा कशाला? दुकानात जा आणि घेऊन या."

"पंखा असाच आणला होता," अध्यक्ष म्हणाले. विषय तिथेच संपला.

आता कोटेशनं आणायची कोणी? अध्यक्षांना कार्यालय, लेकीला ड्यूटी, सासूबाईंना गुडघे. म्हणजे मागणीदारच उरली. समितीत बसायला ती अपात्र होती, समितीची शिपाई व्हायला मात्र तिची काही हरकत निघाली नाही.

मंगळवारी बाई पहिल्या दुकानात गेल्या. ते काचेचं, थंडगार, चपला बाहेर काढाव्यात की काय असं वाटायला लावणारं दुकान होतं. निळ्या कोटातल्या विक्रेतीने एक लॅपटॉप उघडून पुढे सरकवला. "चालवून बघा ना, काकू. कोटेशन निघेपर्यंत दहा मिनिटं लागतील."

"मराठी येतं का यात?"

"सगळं येतं. जुन्या टाइपरायटरसारखी अक्षरं हवीत तर तशीही बसवता येतात."

बाईंनी सतराव्या वर्षी टायपिंगची परीक्षा दिली होती, मिनिटाला तीस शब्द. तीस वर्षांत त्या बोटांनी सुई, कात्री आणि टेप सोडून काही धरलं नव्हतं. त्यांनी बोटं बटणांवर ठेवली आणि बोटं आपली आपण चालायला लागली. टाइपरायटरची सवय, त्यामुळे प्रत्येक बटण असं दाबत होत्या की शेजारच्या टेबलावरचे फोन थरथरले.

"हळू, काकू! दुखेल त्याला!"

कोटेशन हातात आलं तेव्हा पडद्यावर निबंधाचा मथळा आणि पहिला परिच्छेद होता: 'आमच्या घरी मोठी खरेदी करताना प्रथम एक समिती नेमली जाते.' तो पुसून टाकायचा म्हणताच बाईंना शिवलेला कपडा उसवताना होतं तसं झालं.

"तुमच्या मेलवर पाठवून देऊ का हे?" विक्रेतीने विचारलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग कोटेशनकडे पाहिलं. अजून दोन दुकानं बाकी होती. त्या हळूच हसल्या आणि म्हणाल्या, "पाठव, बाळा."

त्या रात्री जेवणाआधी समितीने पहिलं कोटेशन वाचलं आणि मागणीत सुधारणा सुचवल्या. सासूबाई म्हणाल्या, "आवाज मोठा पाहिजे. मला ऐकू येईल असा."

"आई, मला त्यावर निबंध लिहायचाय."

"लिही की. मी काय नको म्हणते? तू लिहिताना मी ऐकेन."

लेकीला कॅमेरा चांगला हवा होता आणि पडदा बोटाने चालणारा हवा होता. "आणि हलका हवा. आई कुठेही नेऊ शकेल असा."

"हलका म्हणजे चोरालाही हलका," अध्यक्ष म्हणाले. बरीच चर्चा झाली. शेवटी त्यांनी इतिवृत्तात लिहिलं, 'यंत्र हलके असावे, परंतु सहज उचलता येऊ नये.'

बुधवारी दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या दुकानदाराने ही यादी वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. "बाई, असं यंत्र कुठे मिळालं तर मलाही कळवा," ते म्हणाले. "तोवर हा बघा चालवून."

बाईंनी मेल उघडायला लावला आणि चारशे शब्द लिहिले. इतिवृत्तातलं ते वाक्य तसंच्या तसं घातलं. मध्ये एकदा दुकानदार मागे येऊन उभे राहिले, वाचता वाचता हसून खांदे हलवायला लागले आणि न सांगता चहा मागवला. कोटेशन तयार होऊन अर्धा तास झाला तरी त्यांनी ते दिलं नाही. "तुम्ही परिच्छेद पुरा करा. कागद कुठे पळून जात नाही."

गुरुवारी तिसरं दुकान. जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणाऱ्याची ती खोली होती. जळक्या तारेचा वास, भिंतीवर हुकांना लटकलेले पडदे, आणि मधोमध भिंग लावून बसलेला दुरुस्तीवाला. त्याने एक जाडजूड, कोपरे झिजलेला लॅपटॉप पुढे ठेवला. किंमत पहिल्या दुकानाच्या तिसऱ्या हिश्श्याची होती.

"यात काय काय नाही?" बाईंनी सावधपणे विचारलं.

"नको ते काहीच नाही," तो म्हणाला. "एक 'र' तेवढा जरा घट्ट आहे. जोरात दाबावा लागतो."

बाईंनी जोरात दाबला. 'र' बसला. जोरात दाबा म्हणणारं असं हे पहिलंच यंत्र होतं. त्यांच्या शिलाई मशीनसारखंच होतं ते. सांगितलेलं ऐकत होतं, वर शहाणपणा करत नव्हतं. त्या दिवशी सहाशे शब्द झाले. उरला फक्त शेवटचा परिच्छेद, पण तेवढ्यात दुरुस्तीवाल्याची दुकान बंद करायची वेळ झाली.

शुक्रवारी बाईंकडे दुकानात जायला काही निमित्त उरलं नव्हतं. तिन्ही कोटेशनं घरात, निबंध शेवटाशिवाय, आणि मुदतीला एक दिवस. त्या दिवसभर पँटांच्या पट्ट्या घालत राहिल्या आणि एका पँटचे दोन पाय दोन उंचीचे झाले. असं सव्वीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी अध्यक्षांनी तक्ता मांडला आणि तिसरा कागद दिव्यासमोर धरला. "यावर शिक्का नाही. हे कोटेशन अग्राह्य."

"बाबा, असू दे ना!" लेक वैतागून म्हणाली.

"नको, नको," बाई एकदम म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम. मी उद्या सकाळी जाऊन आणते शिक्का."

भांडारपालांनी बायकोकडे असं कौतुकाने पाहिलं, की बाईंना क्षणभर अपराधी वाटलं.

शनिवारी सकाळी दुरुस्तीवाला डोकं खाजवू लागला. "शिक्का? माझ्याकडे एकच आहे, दुरुस्त झालेल्या मालावर मारायचा." बाई म्हणाल्या, "तोच मारा," आणि लॅपटॉपसमोर बसल्या. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी निबंध पूर्ण होऊन गेला आणि मोबाइलवर पोच आली. बाईंनी पदराने डोळे पुसले. जळक्या तारेच्या वासाने पाणी आलं असं त्यांनी दुरुस्तीवाल्याला सांगितलं, आणि त्यानेही तसंच धरून चालल्यासारखं केलं.

साडेचारला समितीची अंतिम बैठक सुरू झाली. तिसऱ्या कोटेशनवर जांभळ्या शाईत उमटलं होतं, 'तपासले, चालू आहे'.

"याला म्हणतात कागद!" अध्यक्ष खूश झाले. "पहिल्या दोघांनी असं लिहून दिलंय का?"

तरी निर्णय होईना. लेक कॅमेऱ्यावर अडली, सासूबाई आवाजावर. बोलता बोलता अध्यक्षांची नजर घड्याळाकडे गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. पाचला पाच मिनिटं कमी होती.

"अगं... तुझा निबंध!"

भांडारपालांनी हातातला तक्ता खाली ठेवला. इतका हळू ठेवला, की एकोणतीस वर्षांत त्यांनी कुठलाही कागद असा ठेवला नसेल. "मी सगळं केलं आणि तेच राहिलं," ते म्हणाले. "तुझं नाव... माझ्यामुळे... मी अर्ज लिहितो. मुदतवाढीचा. आत्ता लिहितो. पेन कुठाय?"

"अहो, बसा. पोचला निबंध," बाई म्हणाल्या आणि मोबाइल पुढे धरला.

"कसा? लिहिलास कशावर?"

"तुम्हीच पाठवत होतात की दुकानांत. मंगळवारी थोडा लिहिला, बुधवारी थोडा, गुरुवारी बराचसा. आज सकाळी शिक्का आणायला गेले तेव्हा संपवला."

सासूबाई आधी हसल्या. मग लेक. भांडारपालांनी पोच दोनदा वाचली, तारीख-वेळ तपासली आणि श्वास सोडला. "म्हणजे तिन्ही यंत्रं चालवून बघितलेली तू एकटीच आहेस."

"हो."

"मग तुला निमंत्रित सदस्य म्हणून घ्यावं लागेल." त्यांनी इतिवृत्तात तशी नोंद केली. "बोला, सदस्य."

"तिसरं घ्या. स्वस्त आहे, आणि मला जमतं."

समिती सहा दिवस झटत होती. निर्णय सहा सेकंदांत झाला. रविवारी लॅपटॉप घरी आला आणि शिलाई मशीनशेजारी बसला.

महिन्याभराने निकाल आला. बाई पास होत्या, पन्नासपैकी बत्तीस. खाली परीक्षकांचा शेरा होता: 'भाषा चांगली. परंतु उदाहरण अतिशयोक्त व काल्पनिक वाटते. कोणत्याही घरात असे होत नाही. पुढील वेळी प्रत्यक्ष निरीक्षण करावे. त्यापोटी आठ गुण कमी.'

तो शेरा भांडारपालांनी बाईंच्या खांद्यावरून वाचला. "काल्पनिक? काय लिहिलंयस एवढं? दाखव बघू."

महिनाभर निबंध दाखवायचं बाईंनी टाळलं होतं. शेवटी लॅपटॉपवर निबंध उघडून, खुर्ची सोडून त्या उठल्या आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. भांडारपाल बसले. अगदी सावकाश, तक्ता तपासावा तसा, बोट ठेवून वाचू लागले. समिती आली, पंखा आला, हलकं पण न उचलता येणारं यंत्र आलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शेवटच्या परिच्छेदाशी बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, 'अध्यक्षांना वस्तूची भीती वाटत नाही. आपल्या माणसाची फसगत होईल याची वाटते. म्हणून उशीर होतो.' ते त्यांनी पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा.

"अहो, राग आला का?" बाईंनी विचारलं.

"आला! येणारच ना!" ते ताडकन उठले, कपाटातून एक जाड फाइल काढली आणि टेबलावर आपटली. आत तीन कोटेशनं, सहा बैठकांची इतिवृत्तं, तक्ता, सगळं क्रमांक घालून लावलेलं. "काल्पनिक म्हणे! इथे सह्यांनिशी कागद आहेत. बस, टाइप कर. फेरतपासणीचा अर्ज. सोबत संपूर्ण फाइल जोडली आहे असं लिही. तुझे आठ गुण मी सोडणार नाही."

बाई बसल्या. बोटं खडखड चालायला लागली आणि प्रत्येक 'र'ला टेबल हादरू लागलं. भांडारपाल येरझाऱ्या घालत मजकूर सांगत होते. मध्येच थांबले आणि खाकरले.

"आणि ऐक. निबंधात एक ठिकाणी चुकलीस तू."

बाईंचा हात थांबला. "कुठे?"

"पहिली बैठक साडेसातला झाली असं लिहिलंयस. पावणेआठला झाली. इतिवृत्तात आहे. तेवढं दुरुस्त कर, नाहीतर ते म्हणतील, बाईंनी काहीही लिहिलंय."