नमुना विद्यार्थी हजर आहे

"वर्गात जागा नाही," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "चाळीस मुलं भरली."

भाचीच्या प्रवेशासाठी आलेल्या मावशीने दारातून वर्गात डोकावून पाहिलं. "एकोणचाळीसच दिसतायत. ती एक जागा रिकामी आहे की."

"ती रिकामी नाही," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या.

शाळेने गेल्या वर्षी सातासमुद्रापलीकडच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. कसं वापरायचं ते दाखवायला कंपनीने त्यात 'नमुना विद्यार्थी' नावाचा मुलगा आधीच भरून पाठवला होता. त्याला काढायचा अधिकार फक्त कंपनीला, आणि कंपनी उत्तर देत नव्हती. सहामाहीत तो पहिला आला. बक्षिसासाठी त्याचं नाव पुकारल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थांबायचं कधी, ते कुणाला कळेना. सहलीहून परतताना बसमधली त्याची जागा कोमट लागत होती, असं शिपाई सांगायचा. पण शिपाई काहीही सांगतो. शेजारच्या मुलाने मात्र जागा बदलून मागितली. कारण विचारलं तर म्हणाला, "तो बघून लिहू देत नाही."

"आज प्रवेशाचा शेवटचा दिवस," मावशी म्हणाली. "दोन शाळांनी नाही म्हटलंय. नसलेल्या पोरापायी आमची पोर वर्षभर घरी बसवू?"

"नसलेला कसा?" बाईंशेजारी उभे असलेले वर्गशिक्षक दुखावले. "आजवर एक दिवस गैरहजर नाही. तुमच्या भाचीची खात्री देता?"

"अहो, काढून टाका त्याला!"

"आत काय लिहिलंय तेच दिसत नाही," बाई म्हणाल्या. "कुलूप आहे."

"शाळा तुमची, मुलं तुमची आणि कुलूप त्यांचं?"

"किल्लीसुद्धा त्यांचीच," सर अभिमानाने म्हणाले. "परदेशी आहे."

मावशी लाँड्रीच्या वरच्या खोलीत बसून सॉफ्टवेअर लिहायची. "माझं बसवा. उघडं आहे. कुणीही आत बघावं, नको ते काढावं. बिघडलं तर खालून हाक मारा, मी खिडकीत येते."

"उघडं?" बाई दचकल्या. "शाळेत?"

तेव्हा सरांचा बांध फुटला. "बसवा हो, बाई! एकदा चिडून मी त्याला बाकावर उभं केलं होतं. खाली बस म्हणायचं राहून गेलं. आता फळ्याकडे वळलो की पाठीला जाणवतं."

बाईंनी होकारार्थी मान हलवली. मावशीने आपलं सॉफ्टवेअर बसवलं आणि मुलांची नावं त्यात आणण्यासाठी जुन्यातलं 'सर्व विद्यार्थी बाहेर काढा' हे बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं: 'एकोणचाळीस विद्यार्थी कंपनीची मालमत्ता आहेत.' त्याच क्षणी वर्गातला गलका बंद पडला. तिघांपैकी कुणीच वळून पाहिलं नाही. मग कुणीतरी शिंकलं, पुन्हा गोंधळ सुरू झाला, आणि बाईंना आयुष्यात पहिल्यांदाच गोंधळ ऐकून बरं वाटलं.

"मुलं समोर आहेत. हाताने भरू," मावशी म्हणाली.

"एकजण आलाय पण," सर म्हणाले. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एकच ओळ होती: नमुना विद्यार्थी, हजर.

मावशी पडद्याजवळ सरकली. "हजर?"

"का? काय झालं?"

"हजेरीचा भाग मी अजून लिहिलेलाच नाही."

मावशीने सगळं आतून उघडलं, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि ती ओळ पुसली. ओळ गेली. एकोणचाळीस नावं भरली, चाळिसावं भाचीचं. प्रवेश झाला.

"बघा, आपल्या हातात असलं की कसं होतं!" मावशी म्हणाली. म्हणता म्हणता तिने पडद्याकडे पुन्हा एकदा बघून घेतलं.

"तरी मी म्हणत होते, एखादं कुलूप असावं," बाई पुटपुटल्या.

इतका वेळ दाराबाहेर थांबलेली भाची दप्तर घेऊन वर्गात गेली. रिकाम्या जागेपाशी थांबली. बसली मात्र नाही. मान वर करून, बाकावर कुणी उभं असावं तसं तिने पाहिलं.

"बस की आता खाली," ती म्हणाली. "आणि सरक जरा."

बाक करकरलं. ती बसली.